एका खुर्चीचे तीन धनी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपले वाडवडील सांगत आले. परंतु १९४७ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील जॉर्जिया राज्याने दोन सोडाच, तीन तलवारी एका म्यानात कोंबण्याचा पराक्रम करून दाखविला! अटलांटा ही त्या राज्याची राजधानी. तेथे एकाच आठवड्यात गव्हर्नरपदावर हक्क सांगणारे तीन गृहस्थ वावरत होते. एकजण गव्हर्नरच्या कचेरीची कुलुपे बदलून आत ठाण मांडून बसला होता. दुसऱ्याची ती कचेरी आदल्या दिवसापर्यंत होती. तो बिचारा त्याच इमारतीच्या घुमटाखाली, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चौकशीसाठी ठेवलेल्या टेबलावर आपले दप्तर मांडून राज्यकारभार हाकीत होता. तिसरा शपथविधीची वाट पाहत होता. आणि ज्याला लोकांनी खरोखर निवडून दिले होते, तो चौथा गृहस्थ जेमतेम महिन्यापूर्वी मरण पावला होता!

हे सारे एखाद्या फार्ससारखे वाटेल. अमेरिकेतील लोकही त्या वेळी पोट धरधरून हसले. पण हसू ओसरल्यावर विचारी माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. ज्या देशाने लोकशाहीचा एवढा डांगोरा पिटला, त्या देशात हे घडले कसे? त्याचे उत्तर त्या रात्रीच्या धक्काबुक्कीत नाही. ते त्यापूर्वीच्या सत्तर वर्षांत आहे.

प्रथम एक खुलासा. आपल्याकडे राज्यपालाची नेमणूक राष्ट्रपती करतात. अमेरिकेत तसे नाही. तेथे गव्हर्नर हा राज्याचा खरा कारभारी. म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्याच्या जागी असलेला माणूस, आणि त्याला थेट मतदार निवडतात. निदान तसे मानले जाते!

खरी निवडणूक जुलै महिन्यात

अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झाले. गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये त्यात हरली. जिंकणारा अब्राहम लिंकन रिपब्लिकन पक्षाचा. तेव्हा दक्षिणेतील गोऱ्या माणसाला त्या पक्षाचे नावही नकोसे झाले. जॉर्जियात १८७२ पासून जो जो गव्हर्नर झाला तो डेमोक्रॅटिक पक्षाचाच, आणि ही परंपरा २००२ सालच्या निवडणुकीपर्यंत अखंड चालली. एवढ्या काळात घरातली चौथी-पाचवी पिढी कर्ती होते.

आता, ज्या राज्यात एकच पक्ष जिंकणार हे आधीच ठरलेले, तेथे नोव्हेंबरमधील सार्वत्रिक निवडणुकीला अर्थ तो काय उरणार? खरी झुंज उन्हाळ्यातच होऊन जाई, पक्षाचा उमेदवार ठरविण्यासाठी होणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत. १९४६ सालचेच आकडे पाहा. जुलैतील प्राथमिक निवडणुकीत सुमारे सहा लाख नव्वद हजार लोकांनी मत दिले. नोव्हेंबरच्या 'खऱ्या' निवडणुकीत दीड लाखांनीही नाही. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर गव्हर्नरपदासाठी नावच मुळी एक छापलेले होते. लग्न जुलैत लागले, नोव्हेंबरात नुसती वरात निघाली, असा तो प्रकार.

आपल्याकडेही एक काळ असा होता की, काँग्रेसचे तिकीट हाती पडले की उमेदवाराच्या घरी पेढे वाटले जात. तेव्हा ही स्थिती आपल्याला अगदीच परकी नाही. पण जॉर्जियातील गोष्ट येथेच थांबत नव्हती. डेमोक्रॅटिक पक्ष म्हणे की, आम्ही एक खासगी मंडळ आहोत, आणि आमच्या घरच्या निवडणुकीत कोणी मत द्यावे हे आमचे आम्ही ठरवू. त्यांनी ठरविले की, फक्त गोऱ्यांनी द्यावे! नोव्हेंबरमध्ये कृष्णवर्णीय माणसाला कायद्याने मत होते. फक्त तोवर ठरायचे ते सारे ठरून गेलेले असे. दार उघडे, पण पंगत उठलेली.

काट्याचे वजन

गोऱ्यांच्या मतांनाही एकसारखे वजन नव्हते. जॉर्जियाच्या एकशे एकोणसाठ काउंटी आहेत. काउंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा विभाग. १९१७ च्या एका कायद्याने असे ठरविले की, प्राथमिक निवडणुकीत माणसांची मते मोजून निकाल लावायचा नाही. प्रत्येक काउंटीला ठरावीक 'युनिटे' द्यायची, आणि त्या काउंटीत जो पहिला येईल त्याच्या पदरात ती सगळी टाकायची. सर्वांत मोठ्या आठ काउंटींना प्रत्येकी सहा, त्यानंतरच्या तिसांना प्रत्येकी चार, आणि उरलेल्या एकशे एकवीस काउंटींना प्रत्येकी दोन. एकूण युनिटे चारशे दहा.

वाचकांनी येथे जरा कागद-पेन्सिल घ्यावी. अटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत आहे तिला सहा युनिटे. मग कोठल्याही तीन चिमुकल्या काउंटी एकत्र आल्या की, त्या अख्ख्या महानगराच्या बरोबरीला! १९६० च्या शिरगणतीत फुल्टनची लोकसंख्या साडेपाच लाखांवर होती, आणि एकोल्स नावाच्या सर्वांत लहान काउंटीची १,८७६. हिशेब केला तर एकोल्समधील एका माणसाचे वजन फुल्टनमधील नव्व्याण्णव माणसांइतके भरत होते. भाजीवालीच्या तागडीत एवढा फरक निघाला तर आपण मंडई डोक्यावर घेऊ. पण जॉर्जियात हा काटा पंचेचाळीस वर्षे चालला.

या काट्याचे मर्म ज्याला पुरते उमगले होते, तो गडी म्हणजे यूजीन टॅलमॅज.

तांबड्या गॅलिसांचा पुढारी

टॅलमॅज पेशाने वकील, पण तोंडवळा शेतकऱ्याचा. टेलफेअर काउंटीतील मॅक्रे हे त्याचे गाव. भाषण रंगात आले की तो कोट काढून फेकी आणि आतले पँटीचे तांबडे गॅलिस ताणताणून बोलू लागे. समोरचे खेडूत खूश! गरीब शेतकऱ्याला जगात तीनच मित्र, देव, टपालाने माल पाठविणारी सीअर्स-रोबक कंपनी आणि जीन टॅलमॅज, असे तो सांगत फिरे. गव्हर्नरच्या सरकारी बंगल्याच्या हिरवळीवर त्याने गाय बांधली होती. ज्या काउंटीत ट्रामगाडी धावते तिची मते मला नकोत, असेही तो म्हणे. ही नुसती फुशारकी नव्हती, युनिटांचे चोख गणित होते.

अशा रीतीने तो तीनदा निवडून आला. १९४१ मध्ये मात्र त्याने एक घोडचूक केली. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र शिकावे असे म्हटल्याच्या संशयावरून त्याने राज्याच्या विद्यापीठातील एका अधिष्ठात्याला काढून टाकविले. त्याला विरोध करणारे नियामक मंडळच बदलले. परिणाम असा झाला की, राज्यातील सरकारी महाविद्यालयांची मान्यता गेली. आपल्या मुलाच्या पदवीला किंमत राहणार नाही म्हटल्यावर मध्यमवर्गीय आईबाप खवळले, विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि १९४२ मध्ये एलिस आर्नल या पस्तीस वर्षांच्या तरुण वकिलाने टॅलमॅजला धूळ चारली.

आर्नलने कामे भराभर केली. मतदानाचे वय अठरावर आणले. अमेरिकेत हे करणारे जॉर्जिया पहिले राज्य. गरिबाला मतदानापासून दूर ठेवणारा डोईकर १९४५ मध्ये रद्द केला. राज्याला नवी घटना दिली आणि तीत लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, हे नवे पद निर्माण केले. त्या पदाने पुढे किती घोळ होणार आहे याची त्या वेळी कोणाला कल्पना असणार?

मताची किंमत मोजणारे

इकडे दुसरीच एक गोष्ट घडत होती. कोलंबस गावी प्रायमस किंग नावाचा एक कृष्णवर्णीय गृहस्थ होता. धंदा केशकर्तनाचा, शिवाय चर्चमध्ये धर्मोपदेशक. १९४४ च्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, तो कोर्टाच्या इमारतीत जाऊन प्राथमिक निवडणुकीत मत मागू लागला. त्याला धरून बाहेर काढण्यात आले. तो सरळ वकिलाकडे गेला. खटला चालला, अपील झाले, आणि १९४६ च्या एप्रिलमध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जियाच्या पक्षाची बाजू ऐकून घेण्याचेही नाकारले. गोऱ्यांची राखीव निवडणूक संपली. त्या उन्हाळ्यात लाखाहून अधिक कृष्णवर्णीयांनी मतदारयादीत नावे घातली.

टॅलमॅजला हवा तो मुद्दा मिळाला. गोऱ्यांची निवडणूक पुन्हा आणीन, असे सांगत तो चौथ्यांदा उभा राहिला. त्याच्या समोर आर्नलच्या पाठिंब्याचा जेम्स कारमायकेल, युद्धकाळात बॉम्बफेकी विमानांचा कारखाना चालविलेला माणूस.

१७ जुलै १९४६ रोजी मतदान झाले. टेलर काउंटीत मेसिओ स्नाइप्स हा एकटा कृष्णवर्णीय मतदार मत द्यायला गेला. नुकताच तो महायुद्धातून, पॅसिफिकच्या आघाडीवरून परतला होता. दुसऱ्या दिवशी काही गोरे त्याच्या घरी आले आणि त्याच्यावर गोळी झाडली. दोन दिवसांनी तो वारला. आठवडा उलटतो न उलटतो तोच, २५ जुलैला, मूर्स फोर्ड पुलाजवळ जमावाने दोन कृष्णवर्णीय जोडप्यांना गोळ्या घालून ठार केले; त्यांतला एकजण असाच युद्धावरून आलेला शिपाई होता. या दोन्ही प्रकरणांत आजतागायत कोणालाही शिक्षा झालेली नाही. अटलांटातील एका सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याने त्या दिवसांत वर्तमानपत्राला पत्र धाडले आणि कृष्णवर्णीयांना इतर नागरिकांचे जे हक्क आहेत तेच हवे आहेत, असे बजावले. त्या मुलाचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

आणि निकाल? कारमायकेलला मते मिळाली ३,१३,३८९, टॅलमॅजला २,९७,२४५. म्हणजे कारमायकेल सोळा हजारांनी पुढे. पण युनिटे? टॅलमॅजला २४२ आणि कारमायकेलला १४६! लोकांनी ज्याला कमी मते दिली, तो निवडून आला. कायद्याप्रमाणे, बिनचूक.

बापाच्या मतांचा वारस

टॅलमॅज जिंकला खरा, पण प्रचाराच्या दगदगीने त्याचे शरीर पार ढासळले होते. हा गृहस्थ जानेवारीतील शपथविधीपर्यंत टिकेल ना, अशी शंका त्याच्या जवळच्या मंडळींना आली, आणि त्यांनी घटनेची पाने चाळायला घेतली. त्यांना एक कलम सापडले. कोणालाच बहुमत नसेल तर सर्वाधिक मते मिळालेल्या व हयात असलेल्या दोघांतून विधिमंडळाने गव्हर्नर निवडावा, असा त्याचा आशय. अमेरिकेत मतपत्रिकेवर छापलेले नाव पसंत नसेल तर मतदार आपल्या हाताने दुसरे नाव लिहू शकतो. मंडळींनी गुपचूप निरोप फिरविले: थोड्याशा विश्वासू माणसांनी मतपत्रिकेवर टॅलमॅजचा मुलगा हर्मन याचे नाव लिहावे. असावे जवळ, वेळ सांगून येत नाही!

वेळ खरेच आली. २१ डिसेंबर १९४६ रोजी, शपथ घेण्यापूर्वीच, यूजीन टॅलमॅज वारला.

आता तिघे पुढे सरसावले. हर्मन टॅलमॅज, वय तेहतीस, म्हणू लागला की, विधिमंडळाने मला निवडावे. मेल्विन थॉम्प्सन हा नवनिर्वाचित उपगव्हर्नर. त्याचे म्हणणे, नियोजित गव्हर्नर गेला तर ते पद माझ्याकडे येते. नाहीतर हे नवे पद काढले कशाला? आणि मावळता गव्हर्नर आर्नल म्हणाला, माझा वारस रीतसर ठरेपर्यंत घटनेप्रमाणे मीच गव्हर्नर. थॉम्प्सनने उपगव्हर्नरपदाची शपथ घेतली की मी राजीनामा देऊन खुर्ची त्याच्या हवाली करीन.

१४ जानेवारीला विधिमंडळात मतमोजणीचे कागद उघडले, आणि हर्मनच्या बाजूचे चेहरे पडले. हाताने लिहिलेल्या नावांत कारमायकेलला ६६९ मते, टॅलमॅज बॉवर्स नावाच्या एका रिपब्लिकनाला ६३७, आणि हर्मनला ६१७. हर्मन तिसरा! पहिल्या दोघांत नाही, म्हणजे कलमाचा उपयोगच नाही. पण चमत्कार पाहा. टॅलमॅज घराण्याच्याच टेलफेअर काउंटीतील, आजवर मोजणीत न आलेली ५८ मते ऐन वेळी सापडली. सगळी हर्मनची. ६१७ चे ६७५ झाले, आणि चिरंजीव पहिले आले. १५ तारखेच्या पहाटे विधिमंडळाने १६१ विरुद्ध ८७ मतांनी हर्मनला गव्हर्नर केले.

सुमारे दोन महिन्यांचे राज्य

त्या रात्री कॅपिटॉलच्या इमारतीत जे झाले त्याचे वर्णन करताना अमेरिकन वार्ताहरांच्या लेखण्या थकल्या नाहीत. हर्मनची माणसे गर्दी करून गव्हर्नरच्या कचेरीवर चालून गेली. दारे तुटली, धक्काबुक्की झाली. आर्नल जागचा हलेना. पण त्यानंतरच्या सकाळी तो कामावर आला तेव्हा कुलुपे बदललेली होती. मग त्याने घुमटाखालच्या चौकशीच्या टेबलावर बस्तान मांडले. तेथेही कोणी फटाका उडवून दिला, आणि सबंध इमारत दणाणली. दिवाळी नव्हती, पण आतषबाजी झाली! सरकारी बंगलाही हर्मनच्या ताब्यात गेला. आर्नल शहरातल्या आपल्या वकिलीच्या कचेरीत गेला. १८ जानेवारीला थॉम्प्सनने शपथ घेतली, आर्नलने राजीनामा दिला, आणि तीन धन्यांचे दोन धनी झाले.

या गोंधळात एक माणूस शांत होता. बेन फोर्टसन हा राज्याचा सचिव. अपघाताने पाय गेल्यामुळे चाकांच्या खुर्चीत बसून काम करी. राज्याची राजमुद्रा त्याच्या ताब्यात. तिच्या शिक्क्याशिवाय सरकारी कागद पुरा होत नाही. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत मुद्रा कोणालाच द्यायची नाही, असे त्याने ठरविले आणि ती आपल्या खुर्चीच्या गादीखाली ठेवून तो वर बसून राहिला. ज्याच्या त्याच्या तोंडी गव्हर्नरच्या खुर्चीची बात. पण ते दोन महिने जॉर्जियातील महत्त्वाची खुर्ची कोणती असेल तर ती फोर्टसनची होय.

दुसरा माणूस म्हणजे 'अटलांटा जर्नल' पत्राचा बातमीदार जॉर्ज गुडविन. ती ५८ मते त्याला स्वस्थ बसू देईनात. टेलफेअर काउंटीत जाऊन त्याने मतदारांच्या नोंदी तपासल्या. एका केंद्रावर शेवटी आलेले चौतीस मतदार चक्क आडनावांच्या मुळाक्षरांच्या क्रमाने मत देऊन गेले होते! शाळेच्या हजेरीत शोभावी अशी शिस्त. गुडविन त्या पत्त्यांवर गेला, तेव्हा कोणी म्हणाले, आम्ही गेलोच नव्हतो, कोणी केव्हाच गाव सोडून गेलेले, कोणी स्मशानात. २ मार्च १९४७ रोजी त्याचा वृत्तान्त छापून आला. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

१९ मार्च रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी निर्णय दिला. बहुमत यूजीन टॅलमॅजला मिळालेले होते. तो मेला म्हणून ते बहुमत नाहीसे होत नाही. तेव्हा विधिमंडळाला दुसरा कोणी निवडण्याचा अधिकारच नव्हता. आर्नल गव्हर्नर राहिला तो हक्काने, त्याने राजीनामा दिला तोही रीतसर, म्हणून कारभार थॉम्प्सनकडे. हर्मनने सुमारे दोन महिन्यांनी खुर्ची सोडली, गोळीबार न होता. या साऱ्या प्रकरणातील ही एक गोष्ट खरोखरीच नोंदण्याजोगी.

तात्पर्य

गोष्टीत येथे सत्याचा विजय होऊन पडदा पडायला हवा. पण राजकारण म्हणजे कथाकीर्तन नव्हे. १९४८ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि तीत हर्मन टॅलमॅज थॉम्प्सनला हरवून रीतसर गव्हर्नर झाला. पुढे चोवीस वर्षे तो अमेरिकेच्या सिनेटमध्ये होता. ५८ मतांची लबाडी उघड झाली म्हणून मतदारांनी त्याला दूर सारले नाही. कारण काटा तोच होता, आणि तागडी धरणारे हातही तेच होते.

तो काटा मोडला १८ मार्च १९६३ रोजी. अटलांटातील एका मतदाराने खटला भरला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने सांगितले की, राजकीय समतेचा अर्थ एकच: एक व्यक्ती, एक मत. तरी जुन्या कलमाची नांगी शिल्लक होतीच. १९६६ मध्ये कोणालाच निम्म्यावर मते मिळाली नाहीत, तेव्हा विधिमंडळाने सर्वाधिक मते मिळविणाऱ्या रिपब्लिकन उमेदवाराला डावलून आपल्या पक्षाच्या लेस्टर मॅडॉक्सला गव्हर्नर केले. त्यानंतर कोठे ते कलम बदलले.

आपण मराठी वाचकांनी यातून काय घ्यावे? ज्या जानेवारीत अटलांटात कुलुपे बदलली जात होती, त्याच महिन्याच्या २२ तारखेला दिल्लीत घटना समितीने उद्दिष्टांचा ठराव संमत केला. पुढे तिने अक्षरशत्रू शेतकऱ्यापासून कारखानदारापर्यंत प्रत्येक प्रौढाला मत दिले. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात 'एक व्यक्ती, एक मत' एवढेच म्हटले नाही; 'एक मत, एक मूल्य' असेही म्हटले. हे दुसरे पद किती मोलाचे आहे, ते एकोल्स आणि फुल्टनचा हिशेब पाहिला की कळते. मत दिले आणि त्याचे मूल्य काढून घेतले, तर हाती राहतो तो कागदाचा कपटा.

एक पक्ष वर्षानुवर्षे जिंकतो एवढ्याने लोकशाही बुडत नाही. लोकांना तो हवा असेल तर तो जिंकणारच. बुडते ती, पुढचा निकाल ठरलेलाच आहे अशी सर्वांची खात्री पटल्यावर मोजणीकडे कोणी डोळे उघडून पाहीनासे होते तेव्हा. मग मेलेले लोक मुळाक्षरांच्या क्रमाने मत देऊ लागतात, आणि जिवंत माणसाला मत दिल्याबद्दल गोळी खावी लागते.

आपल्या मतदानकेंद्रावर दोनशे माणसांच्या रांगेत उभे असताना पुष्कळांना वाटते, माझ्या एका मताने काय होणार आहे? त्यांनी त्या रांगेत क्षणभर मेसिओ स्नाइप्सची आठवण करावी. एका मताची किंमत त्याला ठाऊक होती, आणि ते मत पडू नये म्हणून बंदूक घेऊन आलेल्यांनाही ठाऊक होती.